यंदाचा तांदूळ

पहिल्याच घासाला हनुमंताच्या दाताखाली कणी आली. शिताच्या पोटात शिजायचं राहून गेलेलं एवढंसं पांढरं, खसखशीच्या दाण्याएवढं. पण बासष्ट वर्षांत ते त्याच्या तोंडाला इतक्या कमी वेळा लागलं होतं की जीभ दचकलीच. घरी असता तर त्यानं हात थांबवून नुसतं बायकोकडे पाहिलं असतं आणि तेवढ्यानं काम भागलं असतं. इथे ती सोय नव्हती. इथे तो पानशेतच्या पाण्याकाठच्या इटालियन हॉटेलात मांडीवर पांढरंशुभ्र फडकं पसरून बसला होता, समोरच्या पसरट ताटलीतला भात त्याच्याच गावच्या, गुंजवण्याच्या खाचरातला होता, आणि तो शिजवला होता त्याच्या पोटच्या पोरीनं. त्यानं कणी दाढेखाली तशीच धरून ठेवली. चावली तर आवाज टेबलभर ऐकू जाईल असं त्याला उगाच वाटलं.

टेबलाला पाच माणसं होती. शेजारी मंगल, त्याची बायको, आल्यापासून पदर सावरत आणि काट्या-चमच्यांकडे संशयानं बघत. समोर मुलगा इंद्रजित, शिरवळच्या कंपनीत टेम्पो चालवणारा, ज्यानं एव्हाना पाण्याचे, ताटल्यांचे आणि भिंतीवरच्या दिव्यांचे मिळून तीसेक फोटो काढले होते. त्याच्या बाजूला हनुमंताची थोरली बहीण बनाबाई, उत्रोलीहून कालच्या एसटीनं खास या जेवणासाठी आलेली. तिला तो आक्का म्हणे. आणि टेबलाच्या टोकाला रत्ना मॅडम, हॉटेलच्या मालकीण, पुण्याच्या, बोलायला गोड आणि चवीला कडक. आजचा बेत त्यांचाच होता. प्रेरणा, हनुमंताची धाकटी, दोन वर्षं त्यांच्याकडे रांधत होती. त्यांच्याकडे रिझोटो म्हणून एक पातळसर, लोण्या-चीजातला भात होतो आणि त्याला तांदूळ थेट इटलीहून येतो. दिवाळीनंतर प्रेरणानं घरच्या दोन किलो इंद्रायणीचा तो भात करून मॅडमना चाखवला. मॅडमनी लागोपाठ तीन घास घेतले. मग म्हणाल्या, हा आपण मेनूकार्डावर घालू, तुझ्या नावानं आणि तुझ्या गावाच्या नावानं. फक्त एकदा नीट, टेबलावर, माणसांपुढे करून दाखव. आणि पहिली ताटली ज्यांनी तांदूळ पिकवला त्यांना वाढ. जमला तर सोमवारपासून बाहेरचा तांदूळ बंद. हे ऐकल्यापासून हनुमंताचे पाय जमिनीला लागत नव्हते. दूध घालायला गेला की डेअरीवर, दाढीला बसला की न्हाव्याच्या खुर्चीत, त्यानं ते सगळ्या गावाला सांगितलं होतं. मानसिंग पाटलाला तर तीनदा सांगितलं, कारण पहिल्या दोन वेळा त्याला पुरेसा हेवा वाटलेला दिसला नाही.

तोवरच्या जेवणाची तशी तऱ्हाच होती. पाव आला तो इतका कडक की आक्कानं दोन्ही हातांनी मोडून पाहिला आणि शेवटी हळूच पिशवीत टाकला, कोंबड्यांना होईल म्हणून. टोमॅटोचं सूप आलं; मंगल म्हणाली, सार बरं झालंय, गूळ तेवढा विसरले. मग नुसता पाला आला, वर तेल ओतलेला, आणि तो खायचा की बाजूला ठेवायचा हे मॅडमच्या हाताकडे बघून ठरवावं लागलं. पण हनुमंताला यातलं काही लागत नव्हतं. स्वयंपाकघराला काच होती आणि काचेपलीकडे त्याची पोर उभी होती, पांढऱ्या डगल्यात, केस टोपीत घालून, दोन माणसांना हाताखाली घेऊन. दिवस मावळतीला आलेला. धरणाच्या पाण्यावरचं ऊन काचेवर येऊन पडलं होतं आणि तिचा चेहरा दिसे, पुन्हा झाकला जाई. ती पातेल्यात डाव घालून सारखी ढवळत होती. "अगं बया, किती ढवळती," मंगल त्याच्या कानाशी म्हणाली, "शीत मोडंल की." घरी भाताला डाव लावलेला खपत नाही. पण हनुमंतानं तिला डोळ्यांनी गप्प केलं. इथली रीत ती इथली, आणि ती आपल्या पोरीला येते, या विचारानं त्याची छाती सदऱ्यात मावत नव्हती. ताटली समोर आली तेव्हा त्यानं आधी वास घेतला. ओळखीचा होता. मग शितं पाहिली. प्रत्येक शीत सुटं, लांबलचक, एकमेकांपासून अंग राखून. त्यानं आक्काकडे पाहिलं. बघ, असं त्याला म्हणायचं होतं, बघ आपल्या घरचा तांदूळ. आणि मग त्यानं घास घेतला.

इंद्रजितनं एक चमचा खाऊन पाण्याचा पेला उचलला. आक्का पुढच्या चार दातांनी चावत राहिली, तिचे मागचे कधीच गेले होते. मॅडमनी दुसरा घास घेतला, काटा ताटलीच्या कडेला आडवा ठेवला आणि प्रेरणाला बोलावणं पाठवलं. ती फडक्याला हात पुसत आली. बापाकडे तिनं पाहिलं नाही.

"दिवाळीनंतर केलास तो ताटलीत पसरत होता, प्रेरणा. आठवतंय ना? ताटली हलवली की भात हलायचा. हा बघ, सुटा सुटा झालाय. आणि आत कच्चा लागतोय."

"माझंच चुकलं, मॅडम," प्रेरणा म्हणाली. "पाण्याचा अंदाज चुकला."

"तांदूळ तर तोच आहे ना?"

"तांदळात काही नाही. माझा हात चुकला."

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि त्या बऱ्यात सगळं आलं. मग सभ्यपणे हसून त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आता पिझ्झा मागवू, तो इथला फार चांगला असतो. प्रेरणा आत गेली. चालताना तिची मान ताठ होती. ती मान हनुमंत ओळखत होता. तिच्या आजीची होती.

पाण्याचा अंदाज चुकला. हनुमंताच्या मनात ते वाक्य पुन्हा उठलं आणि कुठं बसेना. ही पोर नऊ वर्षांची असताना मंगल बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि चार दिवस हिनं घर जेवू घातलं होतं, चुलीपुढे पाटावर उभी राहून. पहिल्या दिवशी तो शेतातून आला तर ती पातेल्यावरचं झाकण सारून एकच शीत बोटावर घेऊन चेपत होती, इतकी गंभीर की त्याला हसू आवरावं लागलं. शीत चेपलं, त्याचे तीन भाग झाले, मधे काही राहिलं नाही, तेव्हा तिनं विस्तव ओढला. कुणी शिकवलं नव्हतं, बघून शिकली होती. त्या दिवसापासून आजपर्यंत तिच्या हातच्या भातात त्याला कणी लागली नव्हती. तापात केलेल्या भातात नाही, बारावीच्या परीक्षेच्या सकाळी केलेल्या भातात नाही. हिचा पाण्याचा अंदाज चुकणार नाही. मग ही खोटं का बोलली? कणी अजून त्याच्या दाढेखाली होती. ती तिथेच होती म्हणून असेल, किंवा मंगल त्याच्याकडे एकटक बघायला लागली म्हणून असेल, त्यानं धाडलेलं पोतं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. मंगलला माहीत होतं. मंगल तिथे होती.

गेल्या रविवारी फोन आला होता. "आप्पा, धा किलो लागंल. यंदाचाच पाठवा. नवा. इसरू नका." व्हय व्हय, तो म्हणाला होता, आणि फोन ठेवून हसला होता. शहाणी पोर. घरचा जुना हलवायला नको म्हणून नवा मागते. चांगल्या घरची लेक अशीच मागते, घरचं राखून. पण बापाला काही आहे की नाही? पुण्याची बाई जेवणार, हॉटेलातल्या ताटलीत आपल्या गावाचं नाव जाणार, आणि तिथे नवा तांदूळ ठेवायचा? मंगल म्हणाली होती, "अवो, पोरीनं यंदाचा सांगितलाय न्हवं?" "तुला काय कळतंय," त्यानं तिला उडवून लावलं होतं, "पाव्हण्याम्होरं यंदाचा ठिवत्यात व्हय?" आणि त्यानं कणगी फोडली होती. माजघराच्या कोपऱ्यातली, पुरुषभर उंच, दोन वर्षांमागचं भात भरून तोंड शेणानं लिंपून टाकलेली कणगी, जी फक्त लग्नाला नाहीतर सोयऱ्यांना फुटते. पहारीच्या टोकानं त्यानं हौसेनं लिंपण उचकटलं. भात गिरणीत भरडून आणलं, मंगलनं पाखडलं, निवडलं, आणि गुरुवारी इंद्रजितच्या टेम्पोतून पोतं पानशेतला आलं. जुना तांदूळ. फुगणारा, मोकळा होणारा, पाणी पिऊन पिऊन न दमणारा, चिकटायचं नाव न काढणारा. नव्याला जेवढं पाणी आणि जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हा पोटात कच्चाच राहायचा. आणि या लोकांना ताटलीत जे हवं होतं, तो चिकटपणा, तो पसरणारा गिचका, तो सगळा यंदाच्या तांदळात होता. ज्याची त्याला उभा जन्म लाज वाटली, तोच.

ती लाज चव्वेचाळीस वर्षांची होती. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि आक्का वीस. मार्गशीर्षात उत्रोलीचे पाव्हणे आक्काला बघायला आले. आधीचं वर्ष वाईट गेलेलं, जुना दाणा दिवाळीच्या आतच संपलेला. आईनं नव्या तांदळाचा भात टाकला आणि तो व्हायचा तसाच झाला, गिच्च, डावाला धरून बसणारा. पंगतीत आक्काच्या होणाऱ्या सासऱ्यानं पहिला घास कालवला, बोटांत दाबून पाहिला आणि नुसतं म्हटलं, "यंदाचाच दिसतोय." म्हटलं आणि हसला. एवढंच. कुणी अपमान केला नाही, कुणी उठलं नाही, लग्नही ठरलं. पण घरात जुना दाणा नसणं म्हणजे हातावर पोट असणं, हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. वाढायला उभा असलेल्या हनुमंताला आपल्या बापाचे, रखमाजीचे, डोळे खाली गेलेले दिसले. पाव्हणे गेल्यावर बाप मागच्या दारी बसून राहिला, तंबाखू मळत, न खाता. पुढच्या वर्षी हनुमंतानं वेल्ह्याच्या बाजारातून बांबूची कणगी खांद्यावर घरी आणली आणि शेणानं सारवली. त्यानंतर ती कधी रिकामी राहिली नाही. गावच्या धरणाच्या कामात खालची दोन खाचरं गेली तेव्हा घरानं वर्षभर नाचणी खाल्ली, पण कणगी भरली. पाव्हणा आला की हनुमंत स्वतः भात वाढे, सुटा, शीत शीत वेगळं, आणि पाव्हण्याच्या बोटांकडे बघत राही. दर वेळी त्याला वाटे, आता कुठे त्या पंगतीतला घास पुरा झाला. आणि दर वेळी तो अपुराच राही, म्हणून पुन्हा भरी.

तो उठला. "कुठं निघालात?" मंगल म्हणाली. "हात धुतो," तो म्हणाला आणि काचेच्या दारातून सरळ स्वयंपाकघरात शिरला. हाताखालची दोन माणसं बाजूला झाली. प्रेरणा ओट्याशी उभी होती. शेजारी पोतं होतं, तोंड उघडं, आणि त्यात अजून सात-आठ किलो उरलेला, त्याच्या डोळ्यांना सोन्यासारखा दिसणारा तांदूळ. त्यानं मूठ भरून घेतली आणि सोडली.

"तुला कळलं व्हतं," तो म्हणाला.

तिनं पोत्याचं तोंड मिटलं. मग तिचं हॉटेलातलं बोलणं गळून पडलं. "पोतं सोडल्या सोडल्या. वासानंच कळलं, आप्पा."

"मग फोन करायचा न्हाई व्हय? म्या रातोरात नवा आणून दिला असता."

"काय सांगू फोनवर?" तिनं टोपी सारखी केली. "माझ्यासाटी कणगी फोडली तुमी. घरच्या कुणासाटी कवा फोडली न्हाई, सणाला मागितली तर आईला रागावला. ती माझ्यासाटी फोडली. आन् म्या म्हणू, परत न्ह्या? मला वाटलं जमवीन. पाणी वाढवलं, येळ वाढवला. न्हाई जमलं."

हनुमंतानं पोत्याकडे पाहिलं. या पोरीनं सोमवारपासून मिळणारं सगळं पणाला लावून त्याचं पोतं चुलीवर ठेवलं होतं. त्याला रडू आलं आणि त्याच वेळी असा अभिमान वाटला की त्यापुढे डेअरीवरचा, न्हाव्याकडचा सगळा अभिमान पोरकटपणा वाटला.

"म्या सांगतो त्यास्नी," तो म्हणाला.

"न्हाई." तिनं त्याची बाही धरली. "आत्या बसलीय भाईर. तिच्याम्होरं नगं. मला ठावं हाय तुमी कणगी कशापायी भरता. आईनं सांगितलंय. असू द्या, माझं नाव पुढच्या वर्षी येईल कार्डावर."

बाही धरलेल्या तिच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवे. त्यानं ती बोटं हळूच सोडवली. चुलीपुढे पाटावर उभ्या पोरीला त्यानं कधी शाबास म्हटल्याचं त्याला आठवेना. आज म्हणायचं तर या खोलीत म्हणून भागणार नव्हतं.

बाहेर पिझ्झा आला होता आणि कुणी हात लावला नव्हता. हनुमंत आपल्या जागी बसला, मांडीवर फडकं पुन्हा पसरलं, आणि दाढेखालची कणी आवाज करून चावली. मग गिळली.

"बाई," तो मॅडमना म्हणाला, "पोरीचा हात चुकला न्हाई. तिनं यंदाचा मागितला व्हता, घोकून घोकून. म्या जुना धाडला. दोन वर्सांचा. पाव्हण्याम्होरं जुनाच ठिवायचा अशी आमच्यात रीत, म्हणून माझ्या मनानं धाडला. तिला इचारलं बी न्हाई. तिनं मला झाकायला माझा दोस तिच्या अंगावर घेतला."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "पण जुना तांदूळ तर चांगला असतो ना?"

"चांगलाच असतुया. पर ह्या कामाला न्हाई. हे माझ्या पोरीला कळतंय, मला न्हाई कळलं." एवढं बोलून तो आक्काकडे वळला, कारण खरं अवघड ते पुढेच होतं. "आक्का, तुज्या बगायच्या दिशी भात गिच्च झाला व्हता. तवापासनं म्या यंदाचा कुणाम्होरं ठिवला न्हाई."

बनाबाई त्याच्याकडे वळली. मग तिचं तोंड उघडलं आणि ती हसली, आधी आवाज न करता, मग टेबल हलेपर्यंत. "आरं हणमा! त्या भातापायी? आरं, माज्या सासरी तरी कुठं व्हता जुना? लगीन होऊन म्या घरात पाय टाकला तर कोपऱ्यात दोन पोती, ती बी त्याच वर्सीची. कणगी म्या तुज्याच घरी पैल्यांदा पाहिली. मामंजी हसले आसतील ते जोडीचं घर गावलं म्हणून. पुढं पंधरा वर्सं म्या त्यास्नी यंदाचाच वाढला, वरपून खायचे." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् तू तिथंच बसून ऱ्हायलास व्हय रं, पंगतीत?"

हनुमंताला काय वाटलं ते त्याचं त्यालाही धड कळलं नाही. त्रेचाळीस वर्षं दर साल सारवलेली, भरलेली, लिंपलेली ती कणगी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, तोंड फुटलेली. त्याला मोकळं वाटलं, थोडं फसल्यासारखंही वाटलं, आणि बाप आठवला, मागच्या दारी, तंबाखू मळत. बापाला हे कळायला हवं होतं. मग त्यानं समोरची ताटली जवळ ओढली आणि गार झालेला भात खायला लागला, काटा बाजूला ठेवून, हातानं, कणीसकट. तांदूळ त्याचा होता आणि शिजवला पोरीनं होता, टाकायचा कसा? मंगलनं ते पाहिलं आणि तीही खाऊ लागली. इंद्रजितनं मोबाईल उपडा ठेवला आणि चमचा उचलला.

रत्ना मॅडम बराच वेळ त्या तिघांकडे बघत होत्या. काचेपलीकडे प्रेरणा डाव हातात धरून तशीच उभी होती.

"हनुमंतराव," मॅडम म्हणाल्या, "उद्या दुपारी पुन्हा करून बघू. पण मला तेव्हाचाच तांदूळ लागेल. नवा आहे का तुमच्या घरात?"

कुठला तरी पाव्हणा आपल्याला असं विचारील, या भीतीत त्यानं सगळा जन्म काढला होता. त्यानं ताटलीतलं शेवटचं शीत बोटावर घेतलं, खाल्लं, आणि मान वर केली.

"हाय की," तो म्हणाला. मग दार उघडंच आहे, आत ऐकू जाईल, हे बघून त्यानं आवाज चढवला. "यंदाचाच हाय. घरभर यंदाचा हाय."